सेवेत देव दिसेनासा झालाय, तुम्हाला कुठे भेटला?

सदरची_मुलगी

जय ख्रिस्त. माहेर नागपूरचं, सदरचं. नर्सिंग करून दीड वर्षापूर्वी गडचिरोलीत एका मिशनच्या दवाखान्यात आले. निघताना चर्चच्या मंडळीने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली तेव्हा आनंदाने रडले होते.

आता सकाळी आधी पाणी भरायचं, कारण मोटर सारखी जळते. मग तापाच्या रांगेत बोटं टोचून मलेरियाची तपासणी. सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पोरं हातपाय धरून विव्हळत येतात. सलाईन लावायचं आणि आईला पुन्हा तेच सांगायचं, पाणी भरपूर पाज, थंडीत भिजू देऊ नको. रात्री रजिस्टर. पवित्र शास्त्र उघडते आणि त्याच्यावरच झोपते.

मागच्या पावसात नऊ वर्षांचा एक मुलगा गेला. सिकलसेलचाच, वरून ताप. गाडी नाल्याच्या पलीकडे उभी होती, आम्ही अलीकडे, आणि पूर उतरेना. तेव्हापासून प्रार्थनेला शब्द येत नाहीत. सुटीत घरी आले तर उपासनेत साक्ष द्यायला उभं केलं. बऱ्या झालेल्या एका बाळाचं सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण त्या मुलाचं सांगितलं नाही, आणि ते मला खातंय.

अशी सेवा वर्षानुवर्षं केलेल्यांना विचारते. "देवाची काही योजना असेल" एवढं मात्र लिहू नका.

निवृत्त_सिस्टर

बेटा, मी ३१ वर्षं कुष्ठरोग्यांच्या पायांची मलमपट्टी केली. १९८० च्या दशकात एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावर अनेक औषधं एकत्र द्यायची पद्धत आली तेव्हा वाटलं, आता संपलं. त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी लाल झाली की लोक घाबरून पाकिटं फेकून देत, त्यांच्यामागे आम्ही गावोगाव फिरलो. जंतू मेले, पण मेलेल्या नसा कुठे परत येतात? पाय बधिर तो बधिरच. रोज साध्या पाण्यात पाय भिजवायचे, कडक कातडी खरवडायची, तेल लावायचं, मऊ रबराची चप्पल द्यायची. जखम भरली की माणूस धान कापायला जाणार आणि तीच जखम घेऊन परत येणार. दोन वर्षं मी देवावर रागावलेली होते. कुणाला सांगितलं नाही.

एक गोंड बाबा होते. शेकोटीत त्यांचा पाय भाजला होता, त्यांना कळलंही नव्हतं. दरवेळी विचारत, "बाई, पाणी गरम तं नाही ना?" एकदा घाईत मी न बघताच "नाही" म्हटलं. त्यांनी पाय टाकला नाही. काही बोललेही नाहीत, माझ्या हाताकडे बघत राहिले. मी कोपर बुडवलं, तेव्हा पाय आत गेला.

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो योहानाचा १३वा अध्याय मी कितीदा ऐकला असेल. पाय धुणारे आपण, असंच समजत आले होते. त्या दिवशी वाटलं, प्रभू स्टुलावर बसलाय आणि माझी कातडी उसनी मागतोय. राग त्या दिवशी गेला नाही, खोटं कशाला सांगू. पण शब्द नसायचे त्या दिवशी टबात कोपर बुडवणं हीच माझी प्रार्थना असायची.

आणि त्या मुलाचं मंडळीत सांग. स्तोत्र ८८ वाच. शेवटच्या ओळीपर्यंत अंधार आहे, तरी ते शास्त्रात आहे.

महाल_वाला

मी हिस्लॉप कॉलेजचा. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, शाळा काढली, गोंडांची गाणी उतरवून घेतली. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं बघून परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. वय ४५. गोंडांवरचं त्यांचं लिखाण छापून आलं ते ते गेल्यावर. ताई, तुमचा नाला वाचला आणि तेच आठवलं. ते पुरात वाहून गेले ही गोष्ट आम्ही कॉलेजात अभिमानाने सांगायचो. आज तसं सांगवत नाही.

पाळकीणबाई

एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. देवाची मंद वाणी नंतर आली. तू आठवड्यातून एक दिवस सुटी घेतेस का? नसशील तर आधी ती माग.

सदरची_मुलगी

सुटी मागितली. मिळाली.

काल त्या मुलाची आई आली होती, धाकटीची सिकल तपासणी करायला. आईबाप दोघं वाहक, म्हणजे प्रत्येक लेकराला चारात एक धोका. नमुना घेतला, पुढे पाठवला. मग ओट्यावर तिच्याजवळ बसले. ती त्याच्याबद्दल बोलत होती, मी ऐकत होते. रांग थांबली होती, कुणी कुरकुर केली नाही. पुढच्या साक्षीत त्याचं नाव आधी घेणार आहे.

सिस्टर, त्या बाबांचं पुढे काय झालं?

निवृत्त_सिस्टर

अंगठा गेला. मी नवी चप्पल मापाने कापून दिली. तीन वर्षं चालले त्यावर.