कर्जमाफी बेकायदा होती, मग हे टॅरिफ कायदेशीर कसं?

प्लानोकर:
५ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात टॅरिफच्या, म्हणजे आयात मालावरच्या कराच्या, खटल्याची सुनावणी झाली. मी ती गाडीत ऐकली. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचा मुद्दा असा होता, की लोकांवर कर बसवणं हा पहिल्यापासून काँग्रेसचा (अमेरिकेच्या संसदेचा) गाभ्यातला अधिकार. मला लगेच जून २०२३ आठवला. बायडन यांची विद्यार्थी कर्जमाफी ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द झाली, तो निकाल रॉबर्ट्स यांनीच लिहिला होता.

काय होती ती माफी? माणशी १० हजार डॉलरपर्यंत, कमी उत्पन्नाच्या घरांसाठीचं पेल अनुदान घेतलेल्यांना २० हजारांपर्यंत. खर्चाचा अंदाज ४०० अब्ज डॉलर. आधार २००३ च्या कायद्याचा, जो इराक युद्धाच्या काळात सैनिकांची कर्जामुळे अडचण होऊ नये म्हणून केला होता. एवढा पैसा काँग्रेसला न विचारता सोडायचा? मी तेव्हा विरोधात होतो, आजही आहे. जो प्लंबर कॉलेजला गेलाच नाही, त्याच्या करातून दरवर्षी सव्वा लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्यांचं कर्ज फिटणार होतं. शिवाय मूळ दुखणं तसंच राहतं. रेगन यांचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी १९८७ मध्येच सांगितलं होतं, की सरकारी कर्ज जितकं सहज मिळेल तितकी कॉलेजं फी चढवत जातील. २००६ नंतर तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कॉलेज सांगेल तेवढं कर्ज मिळू लागलं. २०२५ च्या कायद्यानं त्याला मर्यादा घातली, जुलै २०२६ पासून एकूण १ लाख, डॉक्टर-वकिलांसाठी २ लाख. हे मला पटतं.

पण आता टॅरिफ बघा. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी १९७७ चा आणीबाणीचा कायदा पुढे करून जवळपास सगळ्या जगावर कर लावला. त्या कायद्यात टॅरिफ हा शब्दसुद्धा नाही. २०२३ मध्ये टाळ्या वाजवणारे माझे काँझर्व्हेटिव्ह, म्हणजे उजव्या विचारांचे, मित्र आज गप्प आहेत. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

टोलेडोवाला:
मी गप्प नाही. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि पुढच्या दहा वर्षांत आमच्या भागातले सुट्या भागांचे कारखाने एकामागून एक बंद झाले. मी स्वतः त्यातल्या एकात इंजिनिअर होतो. काँग्रेसनं काय केलं? काही नाही. आणि टॅरिफ काँझर्व्हेटिव्ह नाही म्हणताय, तर इतिहास काढा. १७८९ मध्ये या देशात झालेल्या अगदी पहिल्या कायद्यांत टॅरिफचा कायदा आहे. लिंकन टॅरिफवाले, मॅकिन्ली टॅरिफवाले. खुला व्यापार हे आपल्या रिपब्लिकन पक्षाचं अलीकडचं वेड.

प्लानोकर:
टोलेडोवाला, तुमचा कारखाना गेला त्याचं दुःख मी नाकारत नाही. पण उदाहरणं तुम्ही माझ्याच बाजूची दिलीत. १७८९ चं टॅरिफ काँग्रेसनं मंजूर केलं. १८९० चं मॅकिन्ली टॅरिफ मॅकिन्ली यांनी प्रतिनिधिगृहाचे सदस्य म्हणून मांडलं, राष्ट्राध्यक्ष म्हणून नव्हे. टॅरिफ हवं असेल तर मतदान घ्या, ज्यानं त्यानं आपल्या मतदारांना तोंड द्यावं.

सोलापूरची सून:
कायद्याचा कीस तुम्ही पाडा, आमच्याकडे काय होतंय ते सांगते. माझ्या दिरांचे टॉवेलचे माग आहेत. माल अमेरिकेला जातो. ऑगस्ट २०२५ च्या ७ तारखेला २५ टक्के लागला, २७ ला रशियन तेलाचं कारण देऊन आणखी २५. तिकडच्या व्यापाऱ्यानं निम्मा भार तुम्ही उचला म्हणून सांगितलं. टॉवेलच्या धंद्यात तेवढी कमाईच नसते. एक पाळी बंद केली. मागावरच्या माणसाचा रशियन तेलाशी काय संबंध?

पहाटपाळी:
मी नर्स आहे, न्यू जर्सीत. मास्टर्ससाठी ६२ हजारांचं कर्ज काढलं. पहिली काही वर्षं हप्ता मिळकतीनुसार होता, त्यातून व्याजही पुरतं निघत नव्हतं. नऊ वर्षं भरून शिल्लक ६५ हजार. प्लानोकर, तुमच्या प्लंबरचा २०२० मध्ये स्वतःचा छोटा धंदा असता, तर त्याला कोविडचं कर्ज मिळालं असतं आणि ते माफही झालं असतं. त्या योजनेत सुमारे ८०० अब्ज डॉलर वाटले, बहुतेक माफ. काँग्रेसनं मंजूर केलं होतं म्हणाल. कबूल. पण तेव्हा 'दुसऱ्याच्या करातून' हा आक्षेप कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. आणि जुगारात बुडालेला माणूस दिवाळखोरी जाहीर करून मोकळा होऊ शकतो, विद्यार्थी जवळजवळ नाहीच. सात वर्षांनंतर दिवाळखोरीत कर्ज सुटायची सवलत होती, १९९८ पासून तर तीही गेली.

गोदाकाठ:
महाराष्ट्रात २०१७ च्या शेतकरी कर्जमाफीत नियमित फेडणाऱ्यांनाही २५ टक्के, कमाल २५ हजार रुपये दिले होते. प्रामाणिकपणे फेडणारा नाराज होतो हे आपल्याकडेही मानावं लागलं, तो मुद्दा खोटा नाही.

मला भाषणस्वातंत्र्याबद्दल बोलायचंय. विद्यापीठांत आम्हाला बोलू देत नाहीत, ही काँझर्व्हेटिव्हांची तक्रार वर्षानुवर्षं ऐकली आणि बरीचशी खरी होती. पण मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या एका परदेशी विद्यार्थिनीला मुखवटे घातलेल्या अधिकाऱ्यांनी रस्त्यावरून उचललं. विद्यापीठाच्या वृत्तपत्रातल्या एका लेखावर इतर तिघांबरोबर तिची सही होती. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी समाजमाध्यमांवरची खाती खुली ठेवावी लागतात. नाशिकहून निघालेल्या माझ्या भाच्यानं जाण्याआधी रात्रभर बसून जुन्या पोस्ट पुसल्या. त्यात काही नव्हतं. तरी पुसल्या.

टोलेडोवाला:
व्हिसा हा हक्क नाही. पाहुण्यानं घरमालकाच्या अटी पाळाव्यात.

प्लानोकर:
इथं मी गोदाकाठ यांच्या बाजूचा. भाषणस्वातंत्र्याची हमी देणारी पहिली घटनादुरुस्ती 'नागरिकांचं स्वातंत्र्य' म्हणत नाही. ती सरकारला बांधते.

पहाटपाळीताई, दिवाळखोरीबद्दल तुमचं बरोबर आहे. तो मार्ग पुन्हा उघडावा, आणि कर्ज बुडालं तर त्यातला काही भाग कॉलेजनं सोसावा. तेही काँग्रेसच्या कायद्यानं. कोविडच्या कर्जांबद्दल मी तेव्हा बोललो नव्हतो, बोलायला हवं होतं.

पहाटपाळी:
कॉलेजनं सोसावा हे मान्य. पण काँग्रेसची वाट बघा म्हणता ना, तोवर माझं व्याज थांबत नाही. मी आता रात्रपाळीला निघते, उद्या लिहीन.