शब्दचर्चा: मातीचा ‘दाब’ की ‘रेटा’? आणि ‘सक्रिय’ म्हणजे काय?

प्रश्न: परभणीकडच्या एका रिटेनिंग वॉलची (मागची माती अडवून धरणाऱ्या भिंतीची) टिपणं मराठीत लिहायची आहेत. कुणी ‘मातीचा दाब’ म्हणतं, कुणी ‘रेटा’. आणि ‘सक्रिय’ दाब ‘निष्क्रिय’ दाबापेक्षा कमी कसा?

उत्तर: दोन्ही शब्द ठेवा, पण अदलाबदल करू नका. दाब चौरस मीटरवर मोजतात आणि तो खोलीबरोबर वाढत जातो. रेटा म्हणजे भिंतीच्या एक मीटर लांबीवरचा एकूण जोर. भिंत ४ मीटर, मागे सपाट मुरमाचा भराव, वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन, घर्षणकोन (मातीच्या कणांमधल्या घर्षणाचं माप) ३० अंश धरा. आडवा दाब उभ्या दाबाच्या किती पट, हे सांगणारा रँकिन या अभियंत्याचा सक्रिय गुणक (१ − साइन ३०) ÷ (१ + साइन ३०), म्हणजे १/३. तळाशी दाब १८ × ४ ÷ ३ = चौरस मीटरला २४ किलोन्यूटन. रेटा म्हणजे त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ, २४ × ४ ÷ २ = ४८ किलोन्यूटन, तळापासून १.३३ मीटरवर. टिपणात नुसतं ‘दाब ४८’ लिहिलं, तर वाचणारा ते तळाचा दाब समजेल आणि सळया दुप्पट येतील.

दुसरं उत्तर: सर, ‘सक्रिय’मध्ये माती भिंतीला ढकलते आणि भिंत किंचित पुढे सरते. माती सैल होते, तिचं घर्षण जागं होतं आणि भिंतीवरचा भार घटतो. म्हणून हा सर्वांत कमी. ‘निष्क्रिय’मध्ये भिंतच मातीत घुसू पाहते, गुणक ३, म्हणजे सक्रियच्या नऊपट. ‘प्रतिरोधी दाब’ हा शब्द मला जास्त नेमका वाटतो. स्लॅबने वर धरलेली तळघराची भिंत सरतच नाही. तिथे स्थिर अवस्थेचा गुणक १ − साइन ३० = ०.५ घ्यायचा, रेटा ४८ नव्हे, ७२.

तिसरं उत्तर: यातलं काहीही काळ्या मातीला लावू नका. ती ओली झाली की फुगते, आणि फुगण्याचा दाब या गुणकात बसत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी थेट त्या भेगांतून भिंतीच्या पाठीशी उतरतं. भिंतीला पोट आलं की लोक सिमेंटला दोष देतात. आधी वीप होल, म्हणजे भिंतीतली पाणी निचरायची भोकं बघा, बहुधा गाळाने बुजलेले असतात. भिंतीमागची काळी माती काढून मुरूम थराथरांत दाबावा, भिंतीलगत गिट्टी-वाळूचा गाळणथर द्यावा, आणि भिंतीजवळ जड रोलर चालवू नये.

पाण्याचा हिशेब वेगळ्या ओळीत लिहा. वरच्याच भिंतीमागे काठोकाठ पाणी साचलं, तर बुडालेल्या मातीचं वजन १० धरून तिचा रेटा साधारण २७ आणि पाण्याचा ८०. बेरीज १०७. पाण्याला १/३ चा गुणक लागत नाही, ही चूक हमखास होते.

पहिल्या उत्तरात भर: अंदाजपत्रकात नुसतं ‘संरक्षक भिंत’ लिहू नका. हाच शब्द कंपाउंडच्या भिंतीलाही वापरतात. ‘४ मीटर मुरूम भराव धरणारी भिंत, पाणी निचऱ्यासह’ असं लिहा.