लेकीच्या रक्तात शिसं ८.४ आलंय. हळद, परसातली माती की पितळी पातेलं?

ओवीची_आई (१२ मार्च)

मी न्यू जर्सीत राहते. ओवी गेल्या महिन्यात दोन वर्षांची झाली. इथे मुलांच्या रक्तातलं शिसं पहिल्या आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास तपासावंच लागतं, तसा राज्याचा कायदा आहे. पहिल्या वेळी १.६ आलं होतं, डॉक्टर म्हणाल्या छान आहे. यंदा बोटाला टोचून घेतलं तर ९ आलं. बोटाला धूळ-माती लागलेली असेल तर हा आकडा फुगतो, म्हणून शिरेतून पुन्हा रक्त घेतलं. तिला मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि ती हुंदके देत "आई, झालं? आई, झालं?" विचारत होती. ८.४ आलं. डेसिलिटरला ८.४ मायक्रोग्रॅम. इथे ३.५ च्या पुढे गेलं की पाठपुरावा सुरू होतो.

ती खेळते, जेवते, गाणी म्हणते. बाहेरून काहीही दिसत नाही, आणि मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटतेय.

आमचं घर जुनं, लाकडी, १९३० च्या आसपासचं. अमेरिकेत घरांच्या रंगात शिसं घालायला १९७८ मध्ये बंदी आली, त्यामुळे खालच्या थरांत ते असणारच. तपासायला आलेल्या बाईंनी पिस्तुलासारखं यंत्र भिंती-खिडक्यांना टेकवून बघितलं. आतला वरचा रंग शाबूत आहे, पोपडे नाहीत, खिडकीच्या कट्ट्यावरची धूळही ठीक निघाली. मग त्या म्हणाल्या, आता मला तुमचं स्वयंपाकघर दाखवा.

माझा संशय तीन गोष्टींवर आहे.

परसात मागच्या भिंतीला लागून मी उन्हाळ्यात मेथी, मुळा, टोमॅटो लावते. ओवी तिथे मातीतच बसलेली असते.

आजेसासूबाईंचं पितळी पातेलं आहे, त्यात रविवारी आमटी होते. कल्हई इथे येण्याआधी केलेली, म्हणजे सहा वर्षं झाली.

आणि हळद. ओवीला रोज मऊ वरणभात किंवा खिचडी, आणि रात्री हळद-दूध. आई (सासूबाई) कोल्हापूरहून दर वर्षी स्वतः दळून आणतात. फोनवर त्यांना नुसतं "हळद तपासायला देतेय" म्हटलं तर त्या गप्पच झाल्या. नंतर ह्यांना म्हणाल्या, "माझ्या हातून नातीला विष गेलं का रे?" तेव्हापासून मला नीट झोप नाही.

कुणाला यातलं माहीत असेल तर सांगा. आधी काय तपासू?

---

कागल_ते_कॅल्गरी (१२ मार्च)

ताई, घाबरू नका. हळद आपण पिढ्यान् पिढ्या खातोय, माझी आजी ९१ वर्षं जगली. हे तिकडचे लोक आपल्या मसाल्यांच्या मागे लागलेत. हळद बंद करू नका, उलट ती विष उतरवते.

---

पांढरा_ॲप्रन (१२ मार्च)

मी पुण्यात, अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सतरा वर्षं काम केलंय, त्यातली बरीचशी मसाल्यांच्या टेबलावर.

आधी वरच्या प्रतिसादाबद्दल. आजीच्या हळदीत बहुधा शिसं नव्हतं, कारण हळदीत ते मुळात जवळजवळ नसतंच. ते वरून येतं. लेड क्रोमेट नावाचा, शिशापासून बनवलेला पिवळाजर्द रंग आहे, रस्त्यावरच्या पिवळ्या पट्ट्यांत वापरला जायचा तो. तो चिमूटभर टाकला की मळकं हळकुंड सोन्यासारखं दिसतं. बांगलादेशात त्याला 'पेउरी' म्हणतात. १९८० च्या दशकात तिथे मोठा पूर आला, हळद भिजून काळी पडली आणि ती खपवायला व्यापाऱ्यांनी हा रंग लावायला सुरुवात केली, असं संशोधकांना तिथल्याच लोकांनी सांगितलं. तिथल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं का सापडतंय याचा शोध स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि ढाक्याच्या लोकांनी घेतला. शिशाचे वेगवेगळे समस्थानिक (कमी-जास्त वजनाच्या अणूंचे प्रकार) असतात, त्यांचं प्रमाण म्हणजे जणू बोटांचे ठसे. रक्तातला ठसा हळदीतल्या ठशाशी जुळला. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं, सरकारने बाजारात धाडी घातल्या, दंड केले, आणि ४७ टक्के नमुन्यांत सापडणारं शिसं २०२१ पर्यंत शून्यावर आलं. म्हणजे हे थांबवता येतं. पुढे २०२४ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका इथल्या हळदीचा अभ्यास आला. त्यात पाटणा, कराची, पेशावर इथल्या काही नमुन्यांत शिसं १००० पीपीएमच्याही वर होतं (पीपीएम म्हणजे एका ग्रॅममागे तितके मायक्रोग्रॅम). आपल्याकडची कायदेशीर मर्यादा १० पीपीएम आहे.

आता तुमच्या घराकडे येऊ. रक्तातलं शिसं साधारण महिन्या-दीड महिन्यात निम्मं होतं (काही लघवीवाटे बाहेर पडतं, काही हाडांत जाऊन बसतं, शरीराला ते कॅल्शियमच वाटतं). म्हणजे फेब्रुवारीतला आकडा मुख्यतः डिसेंबर-जानेवारीत पोटात काय जात होतं ते सांगतो. तेव्हा तुमचं परस गोठलेलं असणार. त्यामुळे माती जरूर तपासा, पण माझं बोट स्वयंपाकघराकडे जातं.

हळदीचा घरगुती प्रयोग करून निर्धास्त होऊ नका. अख्खं हळकुंड पाण्यात टाकल्यावर लगेच भडक पिवळा रंग सुटला तर संशय घ्यायचा, हे ठीक. पण पुडीत ५०-६० पीपीएम शिसं असेल तर ते डोळ्याला दिसत नाही. ॲसिड टाकून गुलाबी रंग येतो तो मेटॅनिल यलोचा, तो रंग वेगळा. शिशासाठी यंत्रच लागतं. डब्यातली हळद काही न मिसळता, जशी आहे तशी प्रयोगशाळेत द्या.

आणि एक विचारतो: गेल्या वर्षभर तुम्ही एकच हळद वापरली का? आठवून सांगा.

---

राजापुरी_हळद (१३ मार्च)

ताई, मी सांगली जिल्ह्यातला, मिरज तालुक्यात दोन एकर हळद असते आमची. तुमची पोस्ट वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

हळद काढली की शिजवतो, मग ऊन बघून आठ-पंधरा दिवस वाळवतो. वाळलेल्या हळकुंडाच्या अंगावर मुळ्या, खपल्या, माती असते. ती लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवायची, एकमेकांवर घासून साल निघते. याला आम्ही पॉलिश म्हणतो. शेवटी हळदीचंच पाणी शिंपडून पुन्हा फिरवतात, रंग एकसारखा येतो. इथवर सगळं चांगलं आहे. घोटाळा झाला तर याच ड्रमापाशी होतो, कारण इथंच रंग घालणं सोपं.

सौद्याला माल नेला की व्यापारी पहिलं काय बघतो? रंग. वाळवताना अवकाळी पाऊस लागला की हळकुंड काळवंडतं, आत माल तोच असतो, पण दर पडतो. २००५ च्या पुरात आमच्या हरिपूरच्या पेवांत (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत) पाणी शिरलं होतं, तेव्हाची भिजलेली हळद मी बघितलीय. असली हळद कुणी दारात उभी करत नाही. घेणाऱ्यानं पिवळंधमक मागितलं की विकणारा पिवळंधमकच करून देतो, मग ते कशानं केलं हे कोण विचारत नाही. मला याचा राग येतो, कारण साधी हळद पिकवणारा त्यात मागं पडतो.

तुमच्या सासूबाई हळकुंडं आणून दळत असतील तर त्यांना विचारा, बाहेरून कशी होती. चांगलं हळकुंड बाहेरून जरा मातकट, धुरकट पिवळं असतं, मोडताना खणकन आवाज येतो, आणि आतून नारिंगी, चकाकतं. बाहेरूनच लिंबासारखं पिवळं आणि हात लावला की पिवळी पूड बोटाला, ते मी घरात आणणार नाही.

---

तांब्या_पितळ (१३ मार्च)

पातेल्याविषयी लिहिते, कारण ठाण्यात आमच्याकडे हेच झालं. पितळेत थोडं शिसं बऱ्याचदा असतं, धातू कापायला-घडवायला सोपा जावा म्हणून. चिंच, कोकम, टोमॅटो अशी आंबट आमटी त्यात उकळली की ते उतरतं. सहा वर्षांची कल्हई म्हणजे कल्हई नाहीच. तळाशी बोट फिरवून बघा, पिवळं दिसत असेल तर त्यात शिजवू नका. आणि कल्हई करणारा शुद्ध कथील वापरतो का हेही बघावं लागतं, शिसंमिश्रित स्वस्त कथील असलं तर कल्हईच घात करते. आम्ही आमचं पातेलं देवघरात ठेवलं, त्यात फक्त फुलं असतात. इकडून तिकडे नेलेली जुनी ॲल्युमिनियमची, हिंडालियमची भांडी असतील तर तीही बाजूला काढा. अमेरिकेत त्यांबद्दल २०२५ मध्ये सरकारी इशारा निघालाय.

---

ओवीची_आई (१५ मार्च)

पांढरा_ॲप्रन, तुमचा प्रश्न वाचून मी ओट्यापाशी तशीच उभी राहिले. नाही. एकच हळद नव्हती.

आईंची हळद दिवाळीच्या फराळात जवळजवळ संपली. तेव्हा ह्यांचे एक मित्र भारतातून परतत होते, त्यांनी येताना दुसऱ्या एका राज्यातल्या बाजारातून किलोभर सुटी हळकुंडं आणली. मी मिक्सरमध्ये दळली. इतका सुंदर रंग आला होता की मी फोटो काढून आईंना पाठवला होता. राजापुरी दादा, तुम्ही लिहिलंय ना, बोटाला पूड लागते, ती अगदी तशीच होती. मिक्सरच्या झाकणाचं रबर अजून पिवळं आहे.

दोन्ही डबे आणि चार-पाच उरलेली हळकुंडं प्रयोगशाळेत दिली. आईंच्या डब्याच्या तळाला दोन चमचे निघाली, ती वेगळ्या पिशवीत. मातीचे दोन नमुने दिले, एक भिंतीलगतचा, एक मधला.

आज सोन्याचांदीच्या छोट्या काट्यावर माझी नेहमीची चिमूट मोजून बघितली. दुधातली ०.३ ग्रॅम भरली. वरणातली वेगळी.

---

पांढरा_ॲप्रन (१५ मार्च)

मिक्सरचं भांडं घासा, रबर टाकून द्या.

दिवसाची अर्धा ग्रॅम धरू. अहवाल येईल तेव्हा त्या आकड्याला ०.५ ने गुणा, म्हणजे दिवसाला किती मायक्रोग्रॅम शिसं जात होतं ते कळेल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलांसाठी दिवसाचा आकडा २.२ मायक्रोग्रॅम धरलाय. आता बघा, आपली १० पीपीएमची मर्यादा पाळणारी हळदसुद्धा अर्ध्या ग्रॅमला ५ मायक्रोग्रॅम देऊ शकते. ही मर्यादा लहान मुलांचा विचार करून ठरवलेली आहे असं मला कधीच वाटलं नाही, आणि हे मी नोकरीत असतानाही बोलत आलोय.

लोह तपासलंत का? शरीरात लोह किंवा कॅल्शियम कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं. मोठ्या माणसाच्या पोटातून दहातला एक भाग रक्तात जातो, मुलांच्या पोटातून जवळजवळ निम्मा. उपाशीपोटी तर आणखी. म्हणून तिला भुकेलं ठेवू नका, थोडं थोडं खाऊ घाला.

---

ओवीची_आई (२ एप्रिल)

अहवाल आले.

आईंची हळद: १ पीपीएमपेक्षा कमी.
बाजारातल्या हळकुंडांची पूड: ७२ पीपीएम.

म्हणजे दिवसाला ३६ मायक्रोग्रॅम. मी रोज रात्री स्वतःच्या हाताने दुधात ढवळत होते, वर फुंकर घालून गार करून देत होते.

पहिला फोन कोल्हापूरला केला. "आई, तुमची हळद स्वच्छ आहे." पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "बरं. आता पोरीचं बघ." मित्रांनाही कळवलं, त्यांनी त्याच हळकुंडांतली अर्धी स्वतःच्या घरी ठेवली होती आणि त्यांची बायको सहा महिन्यांची गरोदर आहे. ती उद्या रक्त द्यायला जातेय. आईच्या हाडांतलं आणि रक्तातलं शिसं बाळाकडे जातं, हे मला आत्तापर्यंत माहीत नव्हतं.

ओवीचं लोह कमी निघालं, थेंब सुरू केलेत. शिसं बाहेर काढायची औषधं ४५ च्या पुढे देतात, तिला गरज नाही. उगम बंद करणं हाच उपचार, असं डॉक्टर म्हणाल्या.

मातीचंही सांगते. भिंतीलगत ६४० पीपीएम, मध्ये ९०. इथे घराच्या अंगणासाठी २०० ची मर्यादा धरतात. वर्षानुवर्षं जुना रंग झडून पागोळीखाली पडलेला. मेथी आणि मुळा तिथे पुन्हा लावणार नाही, पानांना आणि कंदांना तीच माती चिकटते. त्या पट्ट्यावर लाकडाचा भुसा पसरलाय आणि मधल्या भागात विकतची माती घालून उंच वाफे करतोय. ओवीसाठी वेगळा वाळूचा हौद. बूट दाराबाहेर, हे तर आपल्या घरात होतंच.

पातेलं वर ठेवलं.

---

राजापुरी_हळद (३ एप्रिल)

ताई, वाचून जिवात जीव आला. आमची यंदाची वाळून तयार आहे. ड्रमला लावायच्या आधीची, खपल्यांसकट पाच किलो बाजूला काढून ठेवलीय. सांगलीत तपासून अहवालासकट सासूबाईंकडं कोल्हापूरला पोच करतो. दिसायला चांगली नाही, सांगून ठेवतो.

---

ओवीची_आई (१९ जून)

आज शिरेतून रक्त घेतलं. ५.२.

दादा, तुमची हळकुंडं आईंनी धुऊन, पुसून, वाळवून दळली. परवा त्या घेऊन आल्यात. रंग मातकट आहे, वरण जरा फिकं दिसतं. ओवीने वाटी पुसून खाल्लं. मित्राच्या बायकोचं ४.१ आलं होतं, आता कमी होतंय, बाळ पुढच्या आठवड्यात अपेक्षित आहे. ओवीची पुढची तपासणी सप्टेंबरमध्ये आहे, तेव्हा आकडा इथेच लिहीन.