घरचा ग्रुप: शनिवारच्या मॅचला बसायचं कुठे

मोठी वहिनी: शनिवारी ताईच्या लेकीची आइस हॉकीची मॅच आहे, सगळ्यांनी या, हा निरोप वाचला. आमचं यायचं अजून नक्की नाही. मागच्या वेळी पक, म्हणजे ती खेळायची चकती, मैदानाभोवतीच्या काचेवरून उडून आपल्या मागच्या रांगेत पडला, तेव्हा आपल्यातले निम्मे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. धाकटा माझ्या मांडीवर होता. नंतर कोणी विषयही काढला नाही, म्हणून आज काढतेय.

अण्णाकाका: सूनबाई, काळजी रास्त आहे. पक टणक रबराचा असतो. वजन १५६ ते १७० ग्रॅम, म्हणजे जवळपास क्रिकेटच्या चेंडूएवढं. शिवाय उसळू नये म्हणून मॅचआधी गोठवून ठेवतात.

दादा: काकांचा तास सुरू.

अण्णाकाका: तास नाही रे. २००२ मध्ये अमेरिकेत कोलंबसला मॅच बघायला आलेली १३ वर्षांची मुलगी पक डोक्याला लागून दगावली. त्यानंतर एनएचएलने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगने, दोन्ही गोलांच्या मागे, काचेच्या वर जाळी सक्तीची केली. आपल्या रिंकलाही, म्हणजे बर्फाच्या मैदानालाही, टोकांना जाळी आहे, बाजूला नाही. आपण बाजूला बसलो होतो.

आत्या: बसायला आसनं आणा सगळ्यांनी. बाकं फार गार असतात.

छोटू: पण काका, टोकाला बसलं की पलीकडचं काही कळत नाही. मधोमध वर बसलं की दोन्ही निळ्या रेघा दिसतात. ऑफसाइड का दिला तेही समजतं.

काकू: मला तर तो ऑफसाइड अजून समजलेला नाही. सारखी शिट्टी वाजते.

छोटू: काकू, सोपं आहे. पक आधी समोरच्या संघाकडच्या निळ्या रेघेच्या आत गेला पाहिजे, खेळाडू मागून. खेळाडू आधी घुसली की ऑफसाइड.

दादा: काकांना तरी कुठे कळतं? एकाच मुलीने तीन गोल केले की बर्फावर टोप्या फेकतात. यांनी तीन वेगवेगळ्या मुलींच्या गोलांवर टोपी फेकली होती 😄

अण्णाकाका: आनंद झाला म्हणून फेकली. टोपी परत मिळाली आहे. विषय बंद.

आत्या: अण्णा, ती मीच विणलेली टोपी ना? आणि आसनांचं कोणी बोललं नाही. अर्ध्या तासात मुलं रडतात ती कंटाळून नाही, खालून गारठतात म्हणून.

ताई: टोप्या झाल्या असतील तर मी बोलू का?

दादा: बोल ना ताई.

ताई: मागच्या मॅचला तिसरा, म्हणजे शेवटचा पिरियड सुरू झाला तेव्हा आपली रांग रिकामी होती. मी आणि आत्या, बस्स. माझी लेक गोलकीपर, गोलमध्ये उभी होती. घरी येऊन तिने एवढंच विचारलं, सगळे कधी गेले?

मोठी वहिनी: ताई, धाकटा रडत होता. तुम्हाला सांगूनच निघालो.

दादा: आणि नंतर पार्किंगमध्ये केवढी गर्दी होते. ४-१ ने मागे होतो आपण. संपल्यात जमा होतं.

ताई: ४-३ झालं शेवटी. तुम्ही गेल्यावर. आणि शेवटच्या मिनिटाला कोचने माझ्या लेकीला बर्फावरून बाहेर बोलावलं.

काकू: अगं बाई! का? तिचं काही चुकलं का?

ताई: नाही काकू. मागे पडलेला संघ शेवटी गोलकीपर काढून तिच्या जागी सहावी स्केटर आणतो. आपला गोल मोकळा पडतो, पण हल्ल्याला एक मुलगी जास्त मिळते. लेक जीव खाऊन संघाच्या बाकापर्यंत पळत आली आणि तिथे स्टिक आपटत ओरडत उभी राहिली. मी आजवर तिला इतकी ओरडताना पाहिलं नव्हतं. हे बघायला घरचे हवे होते, एवढंच.

दादा: हे मला खरंच माहीत नव्हतं.

ताई: थांबला असतास तर कळलं असतं.

अण्णाकाका: झालं ते झालं. मोठ्यांची मॅच २० मिनिटांच्या तीन पिरियडची असते, घड्याळ शिट्टीला थांबतं, त्यामुळे दोन-अडीच तास सहज जातात. मुलींच्या गटात पिरियड लहान असतात. एवढं सगळ्यांनी बसायलाच हवं.

मोठी वहिनी: काका, मोठे बसतील. तीन वर्षांचं पोर कसं बसेल?

छोटू: वहिनी, मध्यंतरात त्याला माझ्याकडे द्या. झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, आली की तो हलत नाही. मागच्या वेळी मला विचारत होता, बर्फावर गरम पाणी का ओततात?

काकू: गरम? मला वाटलं गार.

छोटू: गरमच. वरचा खरवडलेला थर किंचित वितळतो, नवं पाणी त्यात मिसळून गोठतं आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. फ्रँक झांबोनी या माणसाने १९४९ मध्ये हे यंत्र बनवलं, त्याआधी हे काम माणसं हाताने करायची.

मोठी वहिनी: आणि भोंगा? गोल झाला की दचकून रडतो तो.

आत्या: कानावर मफ घाल त्याच्या, मोठे जाड. आणि खाली आसन 🙏

काकू: धक्काबुक्की बघवत नाही मला. त्या मुली एकमेकींना पाडतात का?

ताई: मुद्दाम धडक मारून पाडायला लेकीच्या गटात बंदी आहे, काकू. अमेरिकेतही २०११ मध्ये १२ वर्षांपर्यंतच्या गटात तशी बंदी केली. आपटतात त्या घसरून.

छोटू: बसण्याचं मी सुचवतो. संघ दर पिरियडला बाजू बदलतात. आपण समोरच्या संघाच्या गोलमागे बसलो, तर पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडला ताईची लेक आपल्याकडे तोंड करून उभी असेल. शिवाय जाळीमागे, म्हणजे वहिनींची काळजीही मिटते.

दादा: पण पहिल्या पिरियडला कोण कोणत्या टोकाला, ते आधी कसं कळणार?

अण्णाकाका: सुरुवातीला संघ आपल्या बाकाजवळचा गोल राखतो. तेव्हा आपण पाहुण्या संघाच्या बाकाकडच्या टोकाला बसायचं. चार-पाच रांगा वर. अगदी काचेला नाक लावून बसलं तर कठड्याआड पक दिसत नाही.

मोठी वहिनी: जाळीमागे असेल तर येतो आम्ही. मात्र पिरियड चालू असताना मोबाइल बाजूला. सगळ्यांनी. काका, तुम्हीही, फोटो नंतर काढा.

अण्णाकाका: मान्य.

दादा: ताई, या वेळी शेवटपर्यंत आहे मी. गाडी लांब लावतो, म्हणजे गर्दीत अडकायला नको. धाकटा रडला तर मी बाहेर फिरवून परत आणेन, वहिनी बसेल.

ताई: बरं. लेकीला सांगते तुम्ही कोणत्या टोकाला आहात ते.

आत्या: आसनं सहा आहेत माझ्याकडे. बाकीची कोण आणतंय ते आज सांगा.