अनुभव धागा : कम्युनिटी कॉलेजातून युनिव्हर्सिटीत

मंडळी, अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलांनी हायस्कूलनंतर कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षं शिकून पुढे युनिव्हर्सिटीत बदली, म्हणजे ट्रान्सफर, घेता येतो असं स्थानिक कॉलेज) धरलं, की भारतात फोनवर ते सांगताना आईवडिलांचा आवाज खाली येतो. मला हे मनापासून खटकतं. ज्यांच्या घरी कोणी या वाटेने गेलंय त्यांनी लिहा. काय अडलं, काय आधी कळायला हवं होतं, सगळं लिहा.

आई, क्युपर्टिनो
लेक डी अँझा या इथल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं होती, आता यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) डेव्हिसला आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना डी अँझाला एका क्वार्टर युनिटची (क्वार्टर म्हणजे तिथली टर्म, युनिट म्हणजे कोर्स मोजायचं माप) मूळ फी 31 डॉलर, त्यामुळे पैसे वाचले हे तर खरंच. पण खरी मेहनत कोर्स निवडण्यात आहे. असिस्ट नावाची साइट आहे. आपलं कॉलेज, हवी ती युनिव्हर्सिटी आणि मेजर (मुख्य विषय) टाकलं की इथला कुठला कोर्स तिथल्या कशाच्या जागी धरतात ते दिसतं. ती यादी समोर ठेवल्याशिवाय लेकीने एकाही टर्मचं रजिस्ट्रेशन केलं नाही. कॅल्क्युलस आणि केमिस्ट्री आधी घेतली, कारण त्यांची साखळी असते. पहिला कोर्स राहिला की पुढचे सगळे लांबतात. इतिहास, मानसशास्त्र मागून घेता येतं.

दुसरं म्हणजे टॅग, यूसीचा ट्रान्सफरवाल्यांसाठीचा खास अर्ज. अटी पूर्ण केल्या तर प्रवेशाची हमी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ यांपैकी एकाच कॅम्पससाठी भरता येतो, तोही सप्टेंबरात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत, काही मेजरही नाहीत. टॅग भरला तरी नेहमीचा अर्ज वेगळा करावाच लागतो.

सासूबाईंनी विचारलं होतं, "हिला चांगलं कॉलेज नाही का गं मिळालं?" म्हटलं, "आई, पदवी डेव्हिसचीच मिळणार आहे." तेव्हापासून त्याच सगळ्यांना कौतुकाने सांगतात.

विद्यार्थी, लॉस एंजेलिस
मी सेमिस्टरवाल्या (सहामाही टर्मच्या) कम्युनिटी कॉलेजातून यूसीएलएला, म्हणजे यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसला आलो. इथे क्वार्टर दहा आठवड्यांचं, चौथ्या आठवड्यात मिडटर्म! युनिट बरोबर येतात, पण जीपीए (ग्रेडची सरासरी) येत नाही; तो शून्यापासून सुरू होतो. त्यामुळे पहिल्या क्वार्टरला अवघड विषय एकत्र घेऊ नका. लॅबमध्ये काम करायचं असेल तर प्रोफेसरांना उन्हाळ्यातच लिहा. बाकीच्यांकडे चार वर्षं असतात, आपल्याकडे दोनच. कम्युनिटी कॉलेजातले गणिताचे सर मला नावाने ओळखायचे, ऑफिस अवर्समध्ये तासभर बसवून घ्यायचे. आज जे गणित येतं ते त्यांच्यामुळे.

बाबा, एडिसन
न्यू जर्सीत राज्याचा ट्रान्सफर करारच आहे. सरकारी कम्युनिटी कॉलेजची एए किंवा एएस (आर्ट्स किंवा सायन्सची असोसिएट) पदवी पूर्ण करून सरकारी युनिव्हर्सिटीत गेलं की जनरल एज्युकेशन (सगळ्यांना घ्यावे लागणारे सर्वसाधारण विषय) पूर्ण झालं असं धरतात. एएएस ही वेगळी, नोकरीकडे नेणारी पदवी, तिला हे लागू नाही. नावं इतकी सारखी की पोरं गोंधळतात. आमचा मुलगा थोडे कोर्स बाकी असतानाच रटगर्सला (इथल्या सरकारी युनिव्हर्सिटीला) जायचं म्हणत होता. आम्ही म्हटलं, बाबा रे, पदवी हातात घे, मग जा. आणखी एक, क्रेडिट धरले म्हणजे हव्या त्या मेजरला जागा मिळाली असं नव्हे.

एच-फोरवरची मुलगी, सॅन होजे
बाबांच्या ग्रीन कार्डची रांग संपेना, म्हणून मी एच-फोरवरच (वर्क व्हिसावाल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर) शिकले. कॅलिफोर्नियात एच-फोरवर रेसिडेंट फी (राज्याच्या रहिवाशांची कमी फी) मिळू शकते, फेडरल आर्थिक मदत मात्र नाही. खरी धास्ती एकविसाव्या वाढदिवसाची. त्या दिवशी एच-फोर संपतो आणि बहुतेकांना एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो. यूसीत एफ-वनवाल्यांना सहसा बाहेरच्यांची फी लागते, म्हणजे वर्षाला तीस हजार डॉलरहून जास्त वरचा भार. ट्रान्सफर नेमका विसाव्या-एकविसाव्या वर्षी येतो. माझ्या आईने रात्री-रात्री जागून हे हिशेब केलेत. तुमच्या घरी अशी मुलं असतील तर प्रवेश स्वीकारण्याआधी युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी ऑफिसकडून उत्तर लेखी घ्या आणि इमिग्रेशनच्या वकिलाला तारखा दाखवा. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षीच विचारलंत तर उत्तमच.