आठवीच्या मुलीला विज्ञान-गणिताचं लाइव्ह काही कुठे दाखवू?

ऐरोलीची_आई: मुलगी गणित नुसतं पाठ करते. व्हिडिओ नकोत, समोर करून दाखवणारे लोक कुठे भेटतील?

हार्बरवाला: मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, वाशीच्या पुढचंच स्टेशन. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास कार्यक्रम असतात, आधी वेबसाइट बघा.

ठाणेकर_काका: टीआयएफआर या मुंबईतल्या विज्ञान संशोधन संस्थेचा 'चाय अँड व्हाय' हा गप्पांचा कार्यक्रम पण बघा, शास्त्रज्ञ समोर असतात नि पोरं बिनधास्त विचारतात, हे फार मोलाचं आहे.

गणितवाली_मॅडम: कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली नि मधोमध कापली, पोरं ओरडली दोन होणार, झाली एकच लांब! घरीच करा, मग तशीच नवी पट्टी करून कडेपासून एक तृतीयांशावर कापायला सांगा, उत्तर आधी सांगू नका हं.

ऐरोलीची_आई: आजच करते, थँक्यू!