परदेशात राहून तुमचे मराठी नेमके कुठे बदलले? (अनुभव धागा)

गेल्या गणपतीत मी आईला "उद्या साडेचारला फोन करतो" असे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घड्याळात साडेतीन वाजले असताना फोन केला. तिची दुपारची झोप मोडली, आणि चूक माझी आहे हे माझ्याही लक्षात यायला वेळ लागला. जर्मनीत साडेतीनला 'हाल्ब फिअर' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'अर्धे चार'. तीन पूर्ण झाले असून चौथ्या तासातला अर्धा सरला आहे, असा तो हिशेब. श्टुटगार्टमध्ये अकरा वर्षे हेच ऐकत आल्यामुळे डोक्यात आकडा उमटला तो चारचा, आणि तोंडाने सवयीने त्याला 'साडे' जोडले.

नंतर धुंडाळले तेव्हा कळले, की ही रीत आपल्याला मुळीच परकी नाही. आपले 'अडीच' हे 'अर्धतृतीय' या शब्दावरून, म्हणजे 'तिसऱ्यातला अर्धा' यावरून आलेले आहे. आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर जी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, पाठ केली, तिच्यातला 'औट' म्हणजे 'अर्धचतुर्थ', म्हणजेच हुबेहूब 'हाल्ब फिअर'. आपण औट टाकून दिला आणि साडेतीन ठेवले. माझ्या डोक्याने जर्मनीत जाऊन तो परत आणला, फक्त चुकीच्या नावाने. आई मात्र आता प्रत्येक वेळी "जर्मन साडेचार की आपले?" असे विचारून घेते.

हा धागा अशा अनुभवांसाठी आहे. मुले इंग्रजीतच उत्तर देतात, आपली भाषा बुडत चालली आहे, ही चर्चा आपण सर्वांनी पुष्कळ केली आहे, ती येथे नको. आपल्या स्वतःच्या किंवा घरातल्यांच्या बोलण्यातला कोणता सांधा निखळला, एखादे लिंग, एखादा प्रत्यय, एखादा हेल, ते उदाहरणासह लिहावे. कुठे आणि किती वर्षे राहिलात हे आधी सांगावे. नावांची गरज नाही.

एडिसन, न्यू जर्सी. 19 वर्षे.

माझी मुलगी येथेच जन्मली आणि तिचे मराठी ऐकून पाहुणे कौतुक करतात. दोन वर्षांपूर्वी तिने नाशिकच्या आजीला फोनवर सांगितले, "आजी, आपण जूनमध्ये कॅनडाला जाणार आहोत." सासूबाईंनी फोन ठेवल्यावर आधी पासपोर्टची मुदत तपासली. आम्ही चौघेच जाणार होतो, हे त्यांना समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले, आणि ते सोपे नव्हते.

इंग्रजीतल्या 'वी'मध्ये ऐकणारा धरला आहे की वगळला आहे, हे कळत नाही. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' यांच्यामध्ये ती रेघ प्रत्येक वाक्यात ओढावी लागते. मुलीला हे शिकवायला बसले तेव्हा मी स्वतःला चोख समजत होते. पुढच्याच महिन्यात घरी पंधरा माणसे जेवायला होती आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाले, "चला, आम्ही जेवायला बसू या." सगळे पाहुणे हसत उभेच राहिले. शब्द विसरले तर माणूस अडखळतो, दुसरा शब्द शोधतो. येथे मी अडखळलेच नाही, आणि त्यामुळे मला त्याचे अधिक वाईट वाटले.

योकोहामा. 6 वर्षे.

माझी अडचण उलटी आहे. जपानी वाक्याचा सांगाडा मराठीच्या इतका जवळचा आहे, की दोन्हींमधली भिंत पातळ होते. क्रियापद शेवटी येते, विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात, आणि प्रश्नासाठी वाक्याच्या टोकाला चक्क 'का' येतो: 'इकिमास का' म्हणजे 'जाता का'. शिकताना याचा फार फायदा झाला. पण जपानी माणूस समोरच्याची संमती घेण्यासाठी वाक्याला 'ने' जोडतो, तो आता माझ्या मराठीत शिरला आहे. "हवा छान आहे ने," असे मी बोलून गेलो, तेव्हा बहिणीने विचारले की जपानमध्ये राहून तू गुजराती कधी शिकलास.

दुसरी गोष्ट हुंकाराची. समोरचा बोलत असताना मध्ये मध्ये 'हाय, हाय' म्हणजे 'हो, हो' म्हणत राहणे येथे सभ्यपणाचे आहे. आई फोनवर शेजाऱ्यांची हकिगत सांगत होती आणि मी इमानेइतबारे 'हाय, हाय' करत होतो. तिने मध्येच थांबून विचारले, "तुला काही दुखतंय का रे?"

मस्कत. 22 वर्षे.

आखातात आमच्यासारख्यांच्या मराठीवर अरबीपेक्षा हिंदी आणि मल्याळमचाच परिणाम जास्त होतो, कारण दिवसभर कामावर तीच माणसे सोबत असतात. तरीही रोजच्या व्यवहारातले दोन-चार अरबी शब्द जिभेवर बसतातच. ओळखपत्राला सगळे 'बताका' म्हणतात. रत्नागिरीला वडिलांना मी फोनवर सांगितले, की माझी बताका हरवली आहे. ते वारकरी आहेत, त्यांनी 'पताका' ऐकले आणि "वारीला निघालास आणि मला कळवलं नाहीस?" असे विचारले. तसेच 'मा फी' म्हणजे 'नाही', त्यामुळे घरातली साखर संपली की आम्ही 'साखर माफी' म्हणतो. गावाहून आलेल्या माणसाला साखरेने कोणता गुन्हा केला, हे समजत नाही. तारीख, हिशेब, वकील, मुक्काम, हरकत हे शब्दही मुळात अरबीच आहेत, तेव्हा आणखी एखादा आला म्हणून मी स्वतःला फार दोष देत नाही.

टोरांटो. 12 वर्षे.

उत्तर अमेरिकेत 1981मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले आणि आज त्याच्या छत्राखाली ठिकठिकाणी मराठी शाळा चालतात. मी अशा वर्गात शिकवते. 'केळी' आणि 'केली' यांतला फरक मुलांना करून दाखवता येतो, कारण निदान ळ हे अक्षर वेगळे आहे. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च मात्र लिहायला एकच आहे. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे पाण्याचा, हे उच्चारातच कळायचे. आपल्याला हे कोणी शिकवले नाही, आपण ऐकत वाढलो. पुस्तकावरून मराठी शिकणाऱ्या मुलाला ते कळण्याचा लिपीत काही मार्गच नाही.

आकड्यांचे म्हणाल तर 'एकोणसत्तर'पाशी सगळा वर्ग थांबतो. 2019मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असे संख्यावाचन आले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. आमच्या मुलांनी ती पद्धत त्याआधीच स्वतःची स्वतः शोधून काढली होती.

लंडन, 24 वर्षे, आता पुणे.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 सालचे आहे. तेथे मी ज्येष्ठांकडून जे मराठी ऐकले, त्यात 'आगगाडी' आणि 'बोलपट' अजून चालू वापरात होते. प्रत्येक जण ज्या वर्षी मुंबईहून निघाला, त्या वर्षीचे मराठी बरोबर घेऊन आला होता, आणि माझेही 1996चे होते, हे मला पुण्यात परतल्यावर समजले. मी "मला मदत कर" म्हणतो आणि भाचा "माझी मदत कर" म्हणतो. मला पुस्तक मिळते, त्याला ते भेटते. पहिल्या महिन्यात मी दुकानात "एक कागदी पिशवी देता का?" असे विचारले, तर मराठी दुकानदाराने मला हिंदीत उत्तर दिले. परदेशाने माझे बोलणे बिघडवले असेल या धास्तीने मी आलो होतो. येथे सगळे मलाच विचारतात, की तुम्ही इतके पुस्तकी का बोलता.

मेलबर्न. 9 वर्षे.

मी मूळची अकोल्याची. आमच्या घरी 'मला' नव्हते, 'मले' होते. 'का' नव्हते, 'काहून' होते. आणि माणूस काही करत नसे, तो 'करून राहिला' असे. मेलबर्नच्या मराठी मंडळींत पहिल्या दिवाळीला मी तसेच बोलले आणि दोघी-तिघींनी कौतुकाने ते पुन्हा बोलून दाखवायला सांगितले. कौतुकच होते, पण पुढच्या वेळी मी आपोआप पुणेरी वळणाने बोलले. म्हणजे माझे मराठी बदलले ते इंग्रजीमुळे नव्हे, मराठी माणसांमुळे. वऱ्हाडी आता फक्त रविवारी, भावाच्या फोनवर उरली आहे, आणि गेल्या रविवारी त्याच्या दहा वर्षांच्या मुलाने मागून विचारले, "आत्या अशी आजीसारखी का बोलते?"